पहिला नग

मी टिकली लावते. काळी, मसुरीच्या डाळीएवढी. पाकीट मीच आणते, आरशासमोर उभी राहून मीच लावते, आणि त्यावरून आजवर मला कुणी काही बोललेलं नाही. दिल्लीतले आमचे मराठी लोक तसे सुधारलेले आहेत, उगाच खोटं कशाला बोलू? पण टिकली वेगळी आणि कुंकू वेगळं. टिकली आपली आपल्याला लावता येते. हळदीकुंकू दुसरीनं लावायचं असतं, आणि ती दुसरी ते लावत नाही. नवरा गेल्यावर हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. संक्रांतीची बोलावणी यायची थांबली, संपला विषय.

"मला बाई त्याचं काही नाही," असं मी सगळ्यांना सांगायचे. मी इंजिनिअर, कारखान्याची रचना कशी करायची ते शिकवून पोट भरणारी बाई, मला चिमूटभर पावडरीचं काय मेलं! हे मी इतक्यांदा म्हटलं होतं की माझं मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

मी शिकवायचे ते कॉलेज गुडगावच्या पुढे, मोहरीच्या शेतात नव्यानं उभं राहिलेलं होतं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने तेव्हा त्या बाजूला कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवत होते आणि प्रत्येकाला जपानी पद्धत समजणारी पोरं हवी होती. दिल्लीतल्या द्वारकेहून चार्टर्ड बसनं मी जायचे. रस्ता सगळा खोदलेला, धुळीनं केस पांढरे व्हायचे. कॉलेजात पोचल्यावर आधी तोंड धुवायचं आणि मग वर्ग, असा माझा दिवस सुरू व्हायचा.

पुस्तक मी फारसं उघडत नसे. सदर बाजारातून बॉलपेनं पिशवीभर आणायची, सगळी खोलून टाकायची आणि बाक जोडून लाइन लावायची. एकानं रिफिल घालायची, पुढच्यानं स्प्रिंग, त्याच्या पुढच्यानं टोपण, आणि शेवटच्यानं कागदावर रेघ मारून बघायची. आधी प्रत्येकाला सांगायचं की आपापला ढीग पूर्ण संपव आणि मगच पुढे ढकल. मग बघा गंमत! शेवटचा जांभया देत बसतो, मधल्याच्या बाकावर ढीग मावत नाही, आणि स्प्रिंग उलटी बसलीय हे कळतं तेव्हा अख्खा ढीग वाया गेलेला असतो. मग पुन्हा सगळं खोलायचं आणि या खेपेला एकेक पेन हातोहात पुढे द्यायचं. तीच पोरं, तीच पेनं, आणि काम कसं वाहत्या पाण्यासारखं. पोरं चाट पडायची. मला त्या एका क्षणाचा फार अभिमान होता, अजूनही आहे.

माझ्या वर्गात दोन नियम होते. पहिला नियम कुठल्याही कारखान्यात असतो तोच, की पहिला नग पास झाल्याशिवाय लाइन चालू करायची नाही. त्याला मी पदरचं एक शेपूट जोडलं होतं. लाइन माणसांसाठी असेल, म्हणजे कॅन्टीन, बँक, दवाखाना असं काही, तर जिनं ती लावली तीच पहिला नग. आधी स्वतः त्यातून जा, मग दुसऱ्याला घाल. कॉलेजच्या कॅन्टीनची केस अभ्यासाला घेतली तेव्हा पोरांनी मलाच ताट घेऊन पुढे उभं केलं होतं. छोले माझ्या साडीवर सांडले आणि टेबल कुठे चुकलंय ते सगळ्यांना लगेच कळलं.

दुसरा नियम जरा कडक. लाइन थांबली की विचारायचं, का थांबली? उत्तर आलं की त्यालाही पुन्हा विचारायचं, का? 'पता नहीं' माझ्याकडे चालत नसे. 'उसकी गलती' तर बिल्कुल नाही. माणसापाशी थांबू नका, त्याला तसं करायला कुणी शिकवलं तिथपर्यंत जा, हे मी फळ्यावर हात आपटून सांगायचे.

अशात आमच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाई घरी आल्या. आमची सोसायटी नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनीच मिळून बांधलेली, सगळे सेंट्रल गव्हर्नमेंटवाले. तिथलं मराठी मंडळ दरवर्षी सोसायटीच्या हॉलमध्ये मोठं हळदीकुंकू करायचं आणि आदल्या वर्षी त्याचा पार विचका झाला होता. सगळं एकाच टेबलावर मांडलेलं. कुणाला दोनदा कुंकू लागलं, कुणाला वाणच मिळालं नाही, दारात ही गर्दी, आणि दोघी जणी वाणाच्या वाट्यांवरून चक्क भांडल्या होत्या.

"तुम्ही कारखान्यांच्या लाइनी लावता," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आमची एवढी लावून द्या ना. तुम्हीच आमच्या मॅनेजर!"

त्यांनी चहा घेतला, चकलीची तारीफ केली. तुम्हीही या, असं त्या म्हणाल्या नाहीत. मॅनेजर म्हणजे येणारच, नाही का? मला खरं तर तिथल्या तिथे राग यायला हवा होता. पण त्या पुढे म्हणाल्या की या वर्षी पहिल्या टेबलावर हळदीकुंकू लावायचा मान माझ्या मुलीला द्यायचं ठरलंय. तिची लग्नानंतरची पहिली संक्रांत होती. जावई गुडगावला नोकरीला, तिथेच एका उंच इमारतीत त्यांचं बिऱ्हाड, आणि विहीणबाई खास पुण्याहून हलव्याचे दागिने मांडीवर घेऊन येणार होत्या. त्यांच्यासमोर मुलीचं सगळं नीट पार पडावं, कुठे खोट निघू नये, एवढंच माझ्या मनात होतं. मी हो म्हटलं.

वर्गात मी ही केस म्हणूनच घेतली. दिल्ली-हरयाणाची पोरं, त्यांना हळदीकुंकू म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी फळ्यावर क्रम काढला. हळदीकुंकू, मग हाताला अत्तर, मग गुलाबपाणी, तिळगूळ, ओटी आणि शेवटी वाण. सोनीपतची एक विद्यार्थिनी होती, धीट, आवाज असा की शेतापलीकडच्या माणसाला हाक मारावी. तिनं पुढाकार घेतला. खडू कुटून पिवळी आणि लाल भुकटी केली. तिळगुळाच्या जागी रेवडी, वाण म्हणून डस्टर. रोहतकचा एक दांडगा मुलगा डोक्यावरून ओढणी घेऊन 'आंटीजी' झाला आणि वर्ग हसून हसून लोटपोट.

सगळं मांडून झालं आणि सोनीपतची ओरडली, "मॅम, फर्स्ट पीस!"

"अरे छोडो," मी म्हटलं.

"रूल आपका है, मॅम."

टाळ्या सुरू झाल्या. मी पहिल्या बाकासमोर जाऊन उभी राहिले. आता करणार काय? तिनं डाव्या हातानं माझी हनुवटी जराशी वर केली. हे तिला कुणी शिकवलं कुणास ठाऊक. आधी पिवळं बोट टेकवलं, मग लाल. कोरडं, खरखरीत, खडूच तो. पण दुसऱ्या बाईचं बोट माझ्या कपाळाला किती वर्षांनी लागत होतं! डोळ्यांत भुकटी गेली असं सांगून मी वर्गाबाहेर आले.

बाथरूमच्या आरशात बघितलं आणि लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरांच्या थट्टामस्करीत, खडूच्या चिमटीनं मी अशी भरून येते? मला त्याचं काही नाही म्हणणारी ती बाई कुठे गेली? पुसून टाकायला रुमाल काढला आणि पुसलं नाही. थोडा वेळ बघत राहिले. त्याचीच जास्त लाज वाटली. मग कुणीतरी आत आलं तशी घाईघाईनं पुसलं.

नीट पुसलं गेलं नसावं. त्याच संध्याकाळी मुलगी साडीचा ब्लाउज दाखवायला गुडगावहून आली होती. दार उघडताच म्हणाली, "आई, कपाळाला काय लागलंय?"

"खडू."

"लाल?"

"लाल खडूही असतो."

तिनं ओढणीचं टोक घेतलं आणि माझं कपाळ पुसलं. जरा जास्तच हळू पुसलं. आणि मला एकदम ती लहान असतानाची एक संक्रांत आठवली. तिचे बाबा आदल्याच वर्षी गेलेले. शेजारच्या घरून ती हळदीकुंकू करून आली होती, नाचत, हातात खेळातला करंडा. "आई, आता मी तुला लावते," म्हणून बोट बुडवून ती पुढे आली आणि मी तिचं मनगट पकडलं. जोरात पकडलं असणार, कारण ती दचकली. "मला नाही लावायचं," मी म्हटलं. "का?" तिनं विचारलं. "नसतं लावायचं." तिनं पुन्हा का विचारलं नाही, फ्रॉकला बोट पुसलं. पुढे हे आमच्यात कधी निघालंच नाही. हिला आठवत असेल का, मी तिच्याकडे बघत विचार करत होते. तिनं ब्लाउज काढून दाखवला आणि आम्ही बाहीच्या लांबीवर बोलत बसलो.

हळदीकुंकवाच्या दिवशी मी दुपारीच हॉलवर गेले. टेबलं लावून घेतली, येण्याचं दार एका बाजूला, जाण्याचं दुसऱ्या बाजूला. ज्या टेबलाला वेळ जास्त लागतो, म्हणजे ओटीचं, तिथे दोघी जणी. तिळगुळाचे लाडू मीच केले होते, ते मागच्या पँट्रीत डब्यांत भरून ठेवले. सोनीपतची आणि तिचा ग्रुप केस पुरी करायला आला होता. बायकांना त्यांचं कौतुक. कुणी त्यांना लाडू दिले, कुणी 'कुठली गं तू' म्हणून चौकशी केली.

मुलगी काळ्या साडीत, हलव्याच्या दागिन्यांत इतकी गोड दिसत होती की माझीच दृष्ट लागेल असं वाटलं. विहीणबाई समोर खुर्चीवर बसल्या होत्या. स्वभावानं चांगल्या आहेत हो त्या, आल्या आल्या माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या होत्या, "किती राबताय तुम्ही!" मुलगी पहिल्या टेबलामागे चांदीचा करंडा घेऊन उभी राहिली. बाकीच्या टेबलांवर बायका तयार. बाहेर रांग लागलेली. अध्यक्षीणबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, उघडू का दार?

आणि सोनीपतच्या त्या पोरीच्या आवाजानं अख्खा हॉल भरला. "रुकिए आंटीजी! पहले फर्स्ट पीस. मॅम, आइए!"

हॉल गप्प झाला. म्हणजे काय झालं ते सांगते. कुणी नाक मुरडलं नाही, कुणी काही बोललं नाही. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले असते. माझं तोंड काही कमी नाही. पण सगळ्या नुसत्या आपापल्या टेबलावरचं काहीतरी सारखं करायला लागल्या. अत्तरवाली अत्तराची बाटली पुसायला लागली. अध्यक्षीणबाई हसत होत्या, ते हसू तिथेच वाळून गेलं. त्या पोरीला बिचारीला काय कळणार? ती माझ्याकडे हात करून उभी, वर्गात उभी राहायची तशीच.

मी तिथल्या तिथे म्हणायचं होतं की नको, ट्रायल झालीय. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी पुढे गेले. हे लिहितानाही कान गरम होतात. मी पँट्रीच्या दारापासून चालत पहिल्या टेबलापर्यंत गेले, सगळ्यांच्या देखत, आणि मान जराशी पुढे केली. मुलगी आहे माझी, लावेल. एवढंच डोक्यात होतं. मला ते हवं होतं, आणि हवं आहे हे आता सगळ्या हॉलला दिसत होतं.

मुलीनं बोट हळदीत बुडवलं होतं. हात वर आला आणि मध्येच थांबला. तिनं विहीणबाईंकडे पाहिलं. त्या मांडीवरचा पदर नीट करत होत्या, त्यांनी वर पाहिलंच नाही. मुलीनं मग माझ्याकडे पाहिलं. "आई..." एवढंच म्हणाली, अगदी बारीक आवाजात. तिचं पिवळं बोट माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर होतं.

तिला तसं उभं ठेवणं मला सहन झालं नाही. मी मोठ्यानं हसले. "अरे, ट्रायल तो क्लास में हो गया ना! चलो चलो, चालू करो, बाहर लाइन लगी है." टेबलावर नसलेला कचरा झटकला आणि पँट्रीत निघून गेले.

दार उघडलं. आणि लाइन काय चालली म्हणता! कुठे अडलं नाही, कुठे ढीग नाही, कुणाला दोनदा नाही, कुणी राहिलं नाही. मी आतून लाडूंचे डबे देत होते आणि बाहेरून 'वा, काय व्यवस्था आहे!' असं कानावर येत होतं. चेहरा असा तापला होता की मी फ्रीजचं दार उघडून त्यासमोर उभी राहिले. अपमानाचा राग आला असता तर मला चाललं असतं. पण राग कुणावर काढू? मला कुणीच काही केलं नव्हतं. मीच मान पुढे केली होती.

सगळं आटोपल्यावर अध्यक्षीणबाई आत आल्या. पुष्कळ कौतुक केलं. प्लास्टिकच्या पिशवीत चहाची गाळणी होती, त्या वर्षीचं वाण, ती माझ्या हातात दिली. "घरात लागतेच ना," त्या म्हणाल्या. मी थँक यू म्हटलं.

मुलगी निघताना वाकून नमस्कार करायला आली. विहीणबाई आणि जावई गाडीपाशी उभे होते. तिनं डाव्या हातानं पाय शिवले, उजवा हात पदराआड धरला होता. हळदीचं बोट. मी म्हटलं, "नीट जा. दागिने डब्यात ठेव, मुंग्या लागतील." ती हो म्हणाली. ती लाजली होती, मी लाजले होते, आणि मुंग्यांवर बोलून आम्ही दोघी मोकळ्या झालो.

पुढच्या आठवड्यात वर्गात त्या ग्रुपचं प्रेझेंटेशन होतं. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर हॉलचा नकाशा, टेबलांच्या जागा, बायकांची वाट दाखवणारे बाण, सगळं छान काढलं होतं. सोनीपतची बोलत होती. त्या दिवशी तिचा आवाज जरा खाली होता. लाइन संध्याकाळभर न थांबता चालली, ती म्हणाली. फक्त एकदा थांबली, सुरू होण्याआधी, पहिल्या टेबलावर.

"क्यों रुकी?" पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारलं. माझा नियमच होता, का ते वर्गानंच विचारायचं.

ती माझ्याकडे बघेना. तिला आता कळलेलं होतं. घरी जाऊन कुणाला तरी विचारलं असेल, त्यांच्याकडेही काही वेगळं नसतं. कागद खालीवर करत ती म्हणाली, "पता नहीं चला."

वर्गात कुजबुज झाली. 'पता नहीं' म्हटल्यावर मॅम काय करतात ते सगळ्यांना माहीत होतं. मी उठले. मला तिला वाचवायचं होतं, आणि माझ्या मुलीलाही.

"लिखो," मी म्हटलं, "ऑपरेटर नयी थी."

तिनं सुटल्यासारखा श्वास घेतला आणि लिहिलं. पण रोहतकचा तो आंटीजी झालेला मुलगा मागून उभा राहिला. खट्याळपणा नव्हता त्यात, मी शिकवलं होतं तेच तो करत होता. "मॅम, नयी थी तो भी हाथ क्यों रोका? रोकना किसने सिखाया?"

माणसापाशी थांबायचं नाही. वर्ग उत्तराची वाट बघत होता. फळ्याच्या कडेला लाल खडूचा तुकडा पडला होता. त्याच्याकडे बघत असताना माझ्या हाताला एक बारीकसं मनगट आठवलं, बांगड्यांसकट.

"मैंने," मी म्हटलं.

सोनीपतच्या मुलीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग तिनं ते लिहून घेतलं आणि पुढची ट्रान्सपरन्सी लावली.